छातीत साठलेली धूळ : रोजीरोटीतून येणारा कॅन्सर आणि आपली जबाबदारी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वस्त्यांमधून एक आवाज हमखास ऐकू येतो. गळक्या छपरावर नवे सिमेंटचे पत्रे चढवायचे असतात. कारागीर वर बसून कटर मशीनने पत्रा कापतो, स्क्रूसाठी भोकं पाडतो. पांढरी धूळ उडते आणि खाली खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, चुलीवरच्या पातेल्यावर येऊन बसते. संध्याकाळी घरातली बाई झाडू घेऊन सगळं लोटून काढते. कुणालाही काही वावगं वाटत नाही, कारण धूळ तर रोजचीच आहे.

ही धूळ मात्र रोजची नाही. आपल्याकडच्या बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) स्पष्ट सांगते. फुफ्फुसाचा, स्वरयंत्राचा, स्त्रियांमध्ये अंडाशयाचा आणि मेसोथेलिओमा नावाचा, फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा जीवघेणा कॅन्सर. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्यामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, असा या संघटनेचा अंदाज आहे. कामामुळे होणाऱ्या कॅन्सरच्या एकूण मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू या एकाच पदार्थामुळे होतात.

आपल्या समाजातला मोठा वर्ग गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, भंगाराच्या गोदामात, रंगकामावर, सुतारकीत, चामड्याच्या कारखान्यात राबतो. ॲस्बेस्टॉस असो की कॅन्सर घडवणारे इतर पदार्थ, त्यांच्या सर्वांत जवळ हीच माणसं असतात. म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

हा तंतू करतो तरी काय?

ॲस्बेस्टॉस हा मुळात दगड आहे, पण तो कापसासारखा पिंजता येतो. आगीत जळत नाही, आम्लात सहज विरघळत नाही, उष्णता अडवतो आणि स्वस्त पडतो. त्यामुळे विसाव्या शतकात तो पत्रे, पाईप, बॉयलरची आवरणं, जहाजं, ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट अशा शेकडो वस्तूंमध्ये वापरला गेला.

त्याचा हा टिकाऊपणाच शरीराच्या मुळावर येतो. त्याचा तंतू उभा चिरत जातो, बारीक होत होत डोळ्यांना दिसेनासा होतो आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहतो. श्वासावाटे तो फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतो. शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला गिळून नष्ट करायला जातात, पण लांब तंतू त्यांना गिळता येत नाही. पेशी मरतात, आतल्या आत दाह चालू राहतो. वर्षानुवर्षं हे चाललं की फुफ्फुसाची ऊती घट्ट आणि चिवट होते, माणसाला दोन जिने चढतानाही धाप लागते. या रोगाला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. काहींच्या बाबतीत त्याच दाहातून पुढे कॅन्सर उभा राहतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मधला काळ. आज छातीत गेलेला तंतू आपलं काम दाखवायला वीस, तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षं घेतो. पंचविशीत कारखान्यात लागलेला तरुण निवृत्त होऊन नातवंडांत रमतो आणि तेव्हा खोकला सुरू होतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, ठेकेदार कुठे गेला ते ठाऊक नसतं, हजेरीचं कार्ड कधीच हरवलेलं असतं. डॉक्टर विचारतात, बिडी ओढता का? माणूस हो म्हणतो आणि तिथेच चौकशी संपते. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैकपटीने वाढतो, हे खरंच आहे. पण दोष सगळा बिडीच्या माथी मारला गेला की कारखान्याचा वाटा कागदावर येतच नाही.

शंभर वर्षांपूर्वीची एक गिरणी कामगार

इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात नेली केरशॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत सूत कातायचं काम करत होती. १९२४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ती वारली. तिच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि डॉ. विल्यम कुक यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. कंपनीने जबाबदारी नाकारली, नुकसानभरपाई दिली नाही. नेलीला गरिबांसाठीच्या बिननावाच्या कबरीत पुरण्यात आलं.

तिच्या मृत्यूनंतर सरकारी चौकशी झाली, १९३० मध्ये अहवाल आला, १९३१ मध्ये धूळ रोखण्याचे पहिले नियम झाले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी खाणींच्या परिसरातल्या लोकांमधल्या मेसोथेलिओमाचा संबंध ॲस्बेस्टॉसशी जोडून दाखवला. १९६४ मध्ये डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एवढं होऊनही ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं. नेलीच्या मृत्यूपासून मोजलं तर तब्बल ७५ वर्षं. म्हणजे माहिती नव्हती असं नाही. माहिती असूनही धंदा चालू ठेवला गेला.

इटलीतल्या कासाले मोनफेर्रातो गावाची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे १९०७ ते १९८६ ॲस्बेस्टॉस सिमेंटचा मोठा कारखाना होता. पुढे कारखान्याचे कामगार तर मरू लागलेच, पण ज्यांनी कारखान्याचं फाटकही ओलांडलं नव्हतं असे गावकरीही मरू लागले. कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायका त्यात होत्या. रोमाना ब्लासोत्ती पावेसी या बाईंनी पती, बहीण, भाचा, चुलत भावंड आणि मुलगी असे घरातले पाच जण गमावले. त्यांतले फक्त पती कारखान्यात कामाला होते. या बाई घरात रडत बसल्या नाहीत. पीडितांच्या कुटुंबांची संघटना त्यांनी अनेक वर्षं चालवली. इटलीने १९९२ मध्ये बंदी घातली. २०१२ मध्ये तुरिनच्या न्यायालयाने कंपनीच्या बड्या मालकाला शिक्षाही सुनावली, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटल्याची मुदत उलटून गेल्याचं कारण देऊन ती रद्द केली. रोग उशिरा येतो आणि कायदा मुदत मोजतो. या कात्रीत सगळीकडचे कामगार सापडतात.

मुस्लिम देशांतही हे लढे झाले. इजिप्तमध्ये 'टेन्थ ऑफ रमजान' या औद्योगिक शहरातल्या ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांनी आपले आजार आणि हक्क घेऊन दीर्घकाळ धरणं धरलं आणि २००४ मध्ये तो कारखाना बंद झाला. तुर्कस्तानने २०१० मध्ये बंदी आणली. आज साठहून अधिक देशांत बंदी आहे. पण जुनं बांधकाम जिथे पडतं तिथे धोका पुन्हा जागा होतो. गाझामध्ये बाँबहल्ल्यांनी झालेल्या ढिगाऱ्यापैकी सुमारे आठ लाख टन ढिगारा ॲस्बेस्टॉसमिश्रित असू शकतो, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने २०२४ मध्ये दिला. जे बाँबमधून वाचले त्यांच्या श्वासात हा ढिगारा पुढची कित्येक वर्षं राहणार आहे.

आपला देश कुठे उभा आहे?

भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं १९८६ मध्ये थांबलं आणि १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरणही थांबवण्यात आलं. म्हणजे हा पदार्थ घातक आहे हे सरकारने मान्य केलं. पण आयातीवर आणि वापरावर बंदी आली नाही. रशिया, ब्राझील, कझाकस्तान अशा देशांतून दरवर्षी काही लाख टन 'क्रायसोटाईल' म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस आपण विकत घेतो. जगातले सर्वांत मोठे खरेदीदार आपणच आहोत. गंमत अशी की ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच्या देशात त्यावर बंदी घातली, पण तिथून निर्यात होतच राहिली. स्वतःच्या लेकरांना जे विष नको ते दुसऱ्याच्या लेकरांना विकायचं, असा हा व्यवहार आहे.

रॉटरडॅम करार नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या यादीत एखादा पदार्थ गेला तर त्यावर बंदी येत नाही. विकणाऱ्याने धोक्याची पूर्ण माहिती देऊन घेणाऱ्या देशाची आधी संमती घ्यायची, एवढंच बंधन येतं. तेवढंही क्रायसोटाईलच्या बाबतीत होऊ शकलेलं नाही, कारण निर्णय सर्वसंमतीने व्हावा लागतो आणि मोजके देश दर वेळी आडवे येतात. २०११ मध्ये जिनिव्हात भारताच्या प्रतिनिधींनी यादीला होकार दिला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. २०१३ मध्ये मात्र भारत पुन्हा विरोध करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला.

न्यायालयाची बाजू थोडी उजळ आहे. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी मोलाचा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी, प्रत्येक कामगाराला विमा संरक्षण द्यावं आणि रोग सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश त्यात आहेत. २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही.

निकाल कागदावर भक्कम आहे. खरी अडचण रोग सिद्ध करण्याची आहे. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची स्वतंत्र डॉक्टरांनी तपासणी केली आणि तिचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस असल्याचं त्यात आढळलं. शोधलं म्हणून सापडलं. जिथे कुणी शोधतच नाही तिथे आकडा शून्य राहतो आणि मग तोच शून्य पुढे करून 'आपल्याकडे हा रोग नाही' असं म्हटलं जातं.

कारखान्याबाहेर तर नोंदीचा प्रश्नच येत नाही. गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरची जुनी जहाजं तोडली जातात. मुंबईत दारूखान्याला हेच काम चालत आलं आहे. बांगलादेशात चितगावजवळच्या किनाऱ्यावरही तेच चालतं. जुन्या जहाजात पाईप, बॉयलर, भिंती यांच्या आवरणांत ॲस्बेस्टॉस ठासून भरलेला असतो. २००६ मध्ये फ्रान्सची 'क्लेमांसो' ही विमानवाहू नौका अलंगला येत असताना मोठं आंदोलन झालं आणि फ्रान्सला ती अर्ध्या वाटेवरून परत न्यावी लागली. शेवटी ती इंग्लंडमध्ये, देखरेखीखाली तोडली गेली. आंदोलनाने काय होऊ शकतं याचा हा पुरावा. पण ज्या जहाजांची बातमी होत नाही, ती ठेकेदाराच्या हाताखालचे परप्रांतीय मजूर तोडतात आणि चार पैसे घेऊन गावी परततात. आजार गावात होतो, नोंद कुठेच होत नाही.

फक्त ॲस्बेस्टॉसच नव्हे

कामातून कॅन्सर होतो ही गोष्ट नवी नाही. १७७५ मध्येच लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांमधल्या कॅन्सरचा संबंध काजळीशी जोडला होता. हे काम लहान पोरांकडून करून घेतलं जायचं. १८९५ मध्ये जर्मनीत लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर आढळला. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे 'माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध' अशा यादीत, आपल्या ओळखीचे अनेक धंदे आणि पदार्थ आहेत :

– वेल्डिंगचा धूर : फुफ्फुसाचा कॅन्सर.
– डिझेलचा धूर : बंद गॅरेज, गोदाम, डेपोमध्ये काम करणाऱ्यांना जास्त धोका.
– लाकडाचा भुसा आणि चामड्याची धूळ : नाकाच्या आतला कॅन्सर.
– दगडाची बारीक धूळ (सिलिका) : दगड फोडणं, घासणं, टाइल्स कापणं, वाळूचा मारा करणं. आधी सिलिकोसिस, पुढे कॅन्सरही.
– रंगाऱ्याचं काम : फुफ्फुस आणि मूत्राशयाचा कॅन्सर.
– बेंझीन : काही सॉल्व्हंट आणि पेट्रोलमध्ये असतं. रक्ताचा कॅन्सर.
– क्रोमियमचा घातक प्रकार : प्लेटिंगची कामं, स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग. फुफ्फुसाचा कॅन्सर.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावरचा कापसाचा कस या यादीत नाही. त्याने दम्यासारखा छातीचा आजार होतो आणि तोही गंभीरच आहे, पण तो वेगळा विषय. उगाच सगळ्यालाच कॅन्सर म्हणून घाबरवणं आम्हाला योग्य वाटत नाही.

पण गरिबाने छप्पर कुठून आणायचं?

हा प्रश्न रास्त आहे. कंपन्या हाच प्रश्न पुढे करतात : पत्रा स्वस्त आहे, पांढरा ॲस्बेस्टॉस काळजीपूर्वक वापरला तर निर्धोक आहे, बंदी आली तर रोजगार जाईल. 'काळजीपूर्वक' हा शब्द कारखान्याच्या चार भिंतींत कदाचित लागू होईल. पण पत्रा कारखान्यातून बाहेर पडला की तो कुणाच्या हाती जातो? नाक्यावरच्या मजुराच्या. त्याच्या कटरवर कुठली काळजी आहे? दुसरं म्हणजे ॲस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रे आणि रंगीत पोलादी पत्रे आज भारतातच बनतात. फरक किमतीचा आहे, आणि तो भरून काढणं हे सरकारचं काम आहे. घरकुल योजनेत, शाळांत, सरकारी गोदामांत सुरक्षित पत्रा सक्तीचा झाला तर भाव आपोआप खाली येतील.

ज्यांच्या डोक्यावर आज असा पत्रा आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. शाबूत, न तुटलेला पत्रा डोक्यावर असणं आणि तो कापणं-फोडणं यांत मोठा फरक आहे. धोका धुळीत आहे. म्हणून एवढं तरी करावं :

– असा पत्रा कटरने कापू नये, घासू नये, फोडू नये. काढायचाच असेल तर पाणी मारून ओला करावा आणि अखंड खाली उतरवावा.
– पडलेली धूळ कोरड्या झाडूने लोटू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं.
– तुटके तुकडे अंगणात, रस्त्यावरच्या खड्ड्यात भरायला वापरू नयेत. मुलांच्या हाती देऊ नयेत.
– गॅरेजमध्ये ब्रेक ड्रमवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसावं.
– तोंडावरचा रुमाल किंवा साधा मास्क हे तंतू अडवत नाही. योग्य फिल्टरचा मास्क मालकाने द्यायचा असतो.
– कामाचे कपडे घरी आणू नयेत. आणावेच लागले तर न झटकता, वेगळे, पाण्यात भिजवून धुवावेत.
– बिडी-सिगारेट सोडावी. या कामातल्या माणसाला तर ती दुप्पट वैरीण आहे.

आणि कागद जपावेत. हजेरी कार्ड, पगाराची पावती, ईएसआय कार्ड, जुने एक्स-रे एका पिशवीत घालून ठेवावेत. डॉक्टरांकडे गेल्यावर, विचारलं नाही तरी, 'मी इतकी वर्षं हे काम केलं' असं सांगावं आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावं. ॲस्बेस्टॉसिस आणि सिलिकोसिस हे कायद्याने नोंद करायचे व्यावसायिक रोग आहेत. कारखाने कायदा, १९४८ मध्ये ते होते आणि २०२० च्या कामगार संहितेच्या यादीतही आहेत. कर्मचारी भरपाईच्या कायद्यात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमाही येतो. हक्क आहे, पण कागद नसेल तर तो मिळवणं कठीण.

दीन काय सांगतो?

स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा पोचवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जाणतो. हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांच्या ताकदीपलीकडचं ओझं त्यांच्यावर टाकू नका, हेही आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी हे तर लहान मुलालाही पाठ असतं. मग मजुरी वेळेवर देऊन त्याच्या छातीत विष भरणारा मालक आपलं कर्तव्य पूर्ण झालं असं म्हणू शकेल का? आपल्या समाजात गॅरेजवाले, वेल्डिंगवाले, भंगारचे व्यापारी, ठेकेदार आहेत. त्यांच्याकडे राबणारी पोरंही बहुतेक आपलीच आहेत. म्हणून सरकारकडे बोट दाखवण्याआधी हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आमच्या मते सुरुवात घरापासून करता येईल. मशिदी, मदरसे आणि समाजाच्या शाळांच्या छपरांची यादी करावी. नवं बांधकाम असेल तिथे ॲस्बेस्टॉस नसलेलाच पत्रा घ्यावा. मोहल्ल्यातल्या आरोग्य शिबिरात साखर आणि बीपीबरोबर 'काम कोणतं करता, किती वर्षं केलं' हा एक रकाना वाढवावा. दरवर्षी २८ एप्रिलला कामावर जीव गमावलेल्यांच्या आठवणीचा दिवस जगभर पाळला जातो. त्याच्या जवळच्या जुम्याला इमाम साहेबांनी पाच मिनिटं या विषयावर बोलावं. कामगार संघटनांच्या बंदीच्या मागणीत आपला आवाज मिसळावा, कारण धूळ फुफ्फुसात शिरताना कुणाचा धर्म विचारत नाही.

हलाल रोजी कमावणं ही इबादत आहे, असं आपण मानतो. ती रोजी कमावणारा माणूस साठीत सुखाने श्वास घेऊ शकला पाहिजे. पुढच्या वेळी गल्लीत कटरचा आवाज आला तर वर जाऊन त्या कारागिराला थांबवा, आधी पाण्याची बादली हातात द्या आणि मग बोला. तो पोरगा आज वीस वर्षांचा असेल. तो पन्नाशीचा होईल तेव्हा त्या बादलीची किंमत कळेल.